३० टक्के पाणी कमी करायचं, पण कुठलं पाणी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये तुम्ही युटिलिटी सांभाळता. सर्व्हरचा प्रत्यक्ष भार ४ मेगावॅट, वॉटर-कूल्ड चिलर (हॉलसाठी पाणी थंड करणारं आणि त्यातली उष्णता टॉवरच्या पाण्याला देणारं यंत्र), गच्चीवर कूलिंग टॉवर आणि रोजचं पाणी सुमारे २ लाख ६० हजार लिटर. वरून आदेश आलाय की वर्षभरात पाणी ३० टक्के कमी करा. एक विक्रेता म्हणतो टॉवर काढा, एअर-कूल्ड चिलर लावा. दुसरा म्हणतो आमची 'क्लोज्ड लूप' यंत्रणा घ्या, पाणी शून्य. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका काकूंनी तुम्हाला चारचौघांत सुनावलं, "तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या गोदामापायी आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते." आता ऐकायचं कुणाचं?

दोन्ही विक्रेत्यांना महिनाभर थांबवा आणि काकूंचं ऐका. गंमत करत नाही. तुमचे साहेब आणि विक्रेते फक्त लिटर मोजतायत. ते पाणी कुठून आलं आणि तुम्ही नसतं घेतलं तर कुणाला मिळालं असतं, हे काकू विचारतायत. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

मी बावीस वर्षं चिलर प्लँटमध्ये काढली, बहुतेक ठाणे-बेलापूर पट्ट्यात, मधली काही पुण्यात. खालचे आकडे तुमच्या ४ मेगावॅट आणि २.६ लाख लिटरवरून काढलेत. चिलरचं वय, पाण्याचा स्रोत आणि ग्राहकांशी केलेल्या करारातलं तापमान या तीन गोष्टींवर ते थोडे वरखाली होतील. हिशोबाची रीत मात्र बदलणार नाही.

सर्व्हरला स्वतःला पाणी लागत नाही. त्याची उष्णता आकाशात सोडायला लागतं आणि ते काम होतं आपल्या माठाच्या तत्त्वावर. माठाच्या भिंतीतून पाझरलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता नेतं. विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे एका युनिटची उष्णता उडवायला दीड लिटर पाणी. तुमचे सर्व्हर दिवसाला ९६ हजार युनिट खातात. त्यात यूपीएसचं नुकसान, पंखे आणि कॉम्प्रेसरची उष्णता धरली की टॉवरवर येतात सव्वा लाखाच्या जरा आत, धरा १ लाख २२ हजार युनिट. त्यातली थोडी उष्णता हवा नुसती गरम करण्यात जाते, उरलेली बाष्पीभवनात. माझ्या हिशोबाने तुमच्याकडे रोज खरोखर उडणारं पाणी दीड लाखाच्या आसपास, म्हणजे १ लाख ५५ हजार लिटर.

तुम्ही भरताय २ लाख ६० हजार. वरचे १ लाख ५ हजार लिटर कुठे जातात?

पुन्हा माठाकडे या. बोअरचं पाणी भरलेल्या जुन्या माठाला बाहेरून पांढरा थर धरतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टॉवरमध्येही तेच होतं. क्षार वाढत गेले तर कंडेन्सरच्या, म्हणजे चिलर जिथे उष्णता टॉवरच्या पाण्याला देतो त्या भागाच्या, नळ्यांत थर बसतो, म्हणून थोडं खारट झालेलं पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं. तेच ब्लोडाउन. टॉवरमधलं पाणी भरलेल्या पाण्याच्या किती पट खारट होऊ द्यायचं त्याला आपण सीओसी म्हणतो. सीओसी ३ ठेवला तर उडणाऱ्या पाण्याच्या निम्मं ब्लोडाउनमध्ये जातं, तुमच्या बाबतीत ७७-७८ हजार लिटर. सीओसी ६ केला तर ते येतं ३१ हजारांवर. रोजचे ४६-४७ हजार लिटर वाचले, आणि एकही नवं यंत्र न घेता. पुढे ६ वरून १० वर नेलात तर आणखी १४ हजारच वाचतात आणि थर बसायचा धोका मात्र बराच वाढतो. म्हणून ६ च्या आसपास थांबा. १० सीओसीचं प्रेझेंटेशन देणारे भेटतात, त्यांना त्यांच्या साइटवरच्या कंडेन्सरचा अप्रोच विचारा (आतला वायू आणि बाहेर पडणारं पाणी यांच्या तापमानातला फरक, थर बसला की तो वाढतो).

तुमचा सीओसी ३ आहे असं मी गृहीत धरतोय, कारण या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी तोच असतो. तसं असायला कारण नाही. आपल्याकडचं धरणाचं पाणी पावसाचं, क्षार कमी असलेलं. त्याला ३ वर ठेवणं म्हणजे चांगल्या पाण्याने गटार धुणं. हे होतं कारण आपल्या धंद्यात पाणी वाया घालवलं म्हणून कुणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही, पण चिलर ट्रिप झाला की रात्री दोनला फोन येतो. मग ऑपरेटर ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह थोडा उघडाच ठेवतो. केमिकलवाल्याचीही हरकत नसते, कारण जितकं पाणी सोडाल तितकं नवं पाणी भरणार आणि तितका त्याचा माल जास्त खपणार. यात तुम्ही एकच करायचं. केमिकलचा करार किलोवर असेल तर तो बदलून कामगिरीवर आणा: सीओसी इतका, कंडेन्सरचा अप्रोच इतका, गंजण्याचा दर इतका. टायमरवरचं ब्लोडाउन काढून कंडक्टिव्हिटीवर चालणारं लावा, आणि त्या सेन्सरची दांडी दर आठवड्याला पुसायचं काम लॉगशीटमध्ये लिहा. मळलेला सेन्सर बहुतेक वेळा कमी आकडा दाखवतो, आणि मग सगळं ठीक आहे असं वाटत असतानाच आत थर चढत असतो. सीओसी एकदम वाढवू नका. महिन्याला एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला अप्रोच बघत. तो अर्धा अंशही सरकला तर मागे या.

हा झाला ब्लोडाउनचा हिशोब. तरी अजून २७ हजार लिटर उरतात.

याबद्दल माझाच एक किस्सा सांगतो, कारण त्यानंतर मी कागदावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवणं सोडलं. एका साइटवर (नाव नको) आम्ही सीओसी वाढवला, ब्लोडाउन कमी केलं, सगळं शिस्तीत. महिन्याअखेर पाण्याचं बिल जवळजवळ तेवढंच. मी दिवसभर गच्चीवर उभा राहिलो, कुठे थेंब गळताना दिसेना. शेवटी एका रात्री तीनला गेलो. तीन सेलचा टॉवर होता, बेसिनं एकमेकांना जोडणाऱ्या इक्वलायझर लाइनमध्ये गाळ आणि फिलचे (टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या जाळीचे) तुकडे अडकलेले. एका सेलमध्ये पातळी खाली, तिथला फ्लोट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पाणी धो धो येतंय. शेजारच्या सेलमध्ये पातळी वर आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गुपचूप नाल्यात. रात्री भार कमी झाला की एक पंप बंद व्हायचा, पाइपातलं पाणी खाली यायचं आणि हा खेळ सुरू व्हायचा. दिवसा सगळं निपचित. ओव्हरफ्लोचा पाइप थेट ड्रेनला जोडलेला, त्यामुळे जमिनीवर ओल नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: ओव्हरफ्लोचं तोंड ड्रेनच्या वर वीतभर उघडं ठेवायचं, म्हणजे पाणी वाहिलं की दिसतं आणि आवाजही येतो.

ही गळती बसल्या जागी पकडायची एक युक्ती आहे. मेकअप, म्हणजे टॉवरमध्ये नव्याने भरायचं पाणी, आणि ब्लोडाउन अशा दोन्ही लाइनवर मीटर लावा. मेकअपला ब्लोडाउनने भागलं की मीटरवरचा सीओसी मिळतो. मग टॉवरच्या पाण्यातलं क्लोराइड आणि मेकअपमधलं क्लोराइड तपासा, त्यांचं गुणोत्तर म्हणजे खरा सीओसी. फक्त क्लोरीन किंवा ब्लीच टाकत असाल तर त्यातूनही क्लोराइड वाढतं, मग क्लोराइडऐवजी मॅग्नेशियम धरा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर उत्तम. मीटर म्हणतोय ६ आणि क्लोराइड म्हणतंय साडेतीन, तर ब्लोडाउनच्या मीटरला चुकवून खारट पाणी कुठूनतरी जातंय. ओव्हरफ्लो, पंपाचा ग्लँड, गळका ड्रेन व्हॉल्व्ह किंवा टॉवरमधून तुषार होऊन उडणारं पाणी. हा शेवटचा भाग जुन्या टॉवरमध्ये दिवसाला चारेक हजार लिटरचा असू शकतो. ड्रिफ्ट एलिमिनेटर नवे बसवले की तो काही शे लिटरवर येतो, आणि शेजारच्या इमारतीच्या काचांवरचे पांढरे डागही थांबतात.

सीओसी आणि गळती मिळून तुम्ही २ लाख ६० हजारांवरून १ लाख ९० हजारांपर्यंत याल. तेच २७ टक्के. साहेबांचा आकडा जवळजवळ इथेच पूर्ण झाला, आणि खर्च दोन-तीन मीटर, सेन्सर आणि थोडी झोपमोड.

आता तापमान. तुमच्या हॉलमध्ये पाहुण्यांना स्वेटर द्यावा लागतो का? लागत असेल तर तुम्ही विनाकारण थंडी बनवताय. अमेरिकेतल्या ॲशरे या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची हवा चालते, आणि ही शिफारस २००८ पासूनची आहे. तरी आपले करार अजून '२२ अधिक-उणे २' वर अडकलेले. रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनेल लावा, थंड गल्ली (रॅकच्या दोन रांगांमधली थंड हवेची जागा) नीट बंद करा, मग थंड पाणी ७-१० अंशांऐवजी १८ वर चालवता येतं आणि कॉम्प्रेसरची वीज चांगलीच उतरते. कॉम्प्रेसरचा वाटा सर्व्हरच्या भाराच्या १७ टक्क्यांवरून १२ वर आला असं धरलं, तर तुमच्या टॉवरवरचं पाणी फार वाचत नाही, सहाएक हजार लिटर. पण वीज वाचते रोज ४,८०० युनिट. या विजेलाही पाणी लागतं, हे आपण हिशोबात धरत नाही. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय नियमाने कूलिंग टॉवरवाल्या जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. युनिटमागे तीन लिटर धरले तरी १४ हजार लिटर वाचतात. ते तुमच्या मीटरवर दिसणार नाहीत, वीज जिथे बनते तिथे वाचतील.

हा छुपा हिशोब लहान नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०२४ च्या अहवालात मांडलं की २०२३ मध्ये तिथल्या डेटा सेंटरांनी आवारात सुमारे ६,६०० कोटी लिटर पाणी वापरलं, आणि त्यांच्या विजेसाठी लागलेलं पाणी होतं ८० हजार कोटी लिटरच्या घरात. म्हणजे बारा पट. आपल्याकडे हे वेगळं समजवायला नको. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

हे डोक्यात ठेवून पहिल्या विक्रेत्याकडे जाऊ. एअर-कूल्ड चिलर लावले तर टॉवरचं पाणी खरंच शून्य होतं. पण टॉवर आणि पंपांसह वॉटर-कूल्ड प्लँट जिथे टनामागे (म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता काढायला) ०.६ ते ०.७ किलोवॅट खातो, तिथे एअर-कूल्ड मुंबईच्या हवेत एकच्या वर जातो. तुमच्या साडेबाराशे टनांना ५०० ते ६०० किलोवॅट जास्त. दिवसाला १२ ते १४ हजार युनिट. औष्णिक वीज धरली तर तिच्यासाठी चाळीसेक हजार लिटर पाणी कुठेतरी दुसरीकडे उडणार. 'पाणी फक्त चंद्रपूरला ढकललं' असं जे म्हणतात ते पूर्ण खरं नाही, एकूण बेरीज तरीही कमीच होते. तुमची वीज सौर किंवा पवन करारातली असेल तर आणखी कमी. माझी हरकत वेगळी आहे. ते ५००-६०० किलोवॅट तुमच्या मंजूर भारातून जाणार, म्हणजे तेवढे रॅक विकता येणार नाहीत. गच्चीवर दाटीने बसवलेले चिलर एकमेकांची गरम हवा ओढतात. बाहेर ३६ अंश असताना कॉइलच्या तोंडाशी ४३-४४ मोजलेत मी. आणि त्यांचा आवाज. काकूंच्या नळाला पाणी आलं तरी खिडकी बंद करून झोपावं लागेल. नवी इमारत असती, थंड पाणी २० अंशांच्या वर ठेवायची सोय असती, तर मी स्वतः एअर-कूल्ड सुचवलं असतं. चालू इमारतीत, चांगले वॉटर-कूल्ड चिलर असताना, हा पहिला उपाय नाही.

एक पोटविषय. कुणी ओल्या जाळ्या लावून हवा थंड करायची यंत्रणा दाखवेल. नागपूरच्या मे महिन्यात घरातला कूलर जसा झक्कास चालतो तशी ती तिथे चालते, पुण्यातही उन्हाळ्यात बरी. महापेत दमट हवेत कूलर लावून बघा, नुसता चिकचिकाट.

दुसऱ्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: उष्णता शेवटी हवेत कुठे सोडता? चिलर आणि हॉलमधलं पाणी तुमच्याकडे आजही बंद लूपमध्येच फिरतंय, ते एकदा भरलं की भरलं. पाणी उडतं टॉवरवर. अनेक ब्रोशरांत सर्व्हरजवळचा बंद लूप मोठा रंगवून दाखवतात आणि टॉवर पानाबाहेर असतो. शेवटी ड्राय कूलर किंवा एअर-कूल्ड चिलर असेल तर यंत्रणा खरी, मग विजेचा वरचाच हिशोब तिलाही लागू. टॉवर असेल तर 'शून्य' हा शब्द खोडायला सांगा.

तरी या दुसऱ्या विक्रेत्याच्या बोलण्यात एक तथ्य आहे, फक्त ते तुमच्या आजच्या हॉलपेक्षा पुढच्या हॉलसाठी जास्त लागू पडतं. एआयचे नवे रॅक शंभर किलोवॅटच्या पुढे गेलेत. ते हवेने थंड होत नाहीत, द्रव थेट चिपवरच्या प्लेटमधून फिरवावा लागतो. हा द्रव ४० अंशांचा, काही यंत्रांना ४५ अंशांचा असला तरी चालतो. मुंबईत बाहेर ३६ अंश असताना ४० अंशांचा द्रव नुसत्या पंख्याच्या रेडिएटरने मिळवता येतो. टॉवर नाही आणि बहुतेक वेळ कॉम्प्रेसरही नाही. पाणी आणि वीज एकाच वेळी वाचवणारा मला ठाऊक असलेला हा एकमेव मोठा मार्ग, आणि तो सगळा तापमानावर उभा आहे. म्हणून नवा हॉल आखताना ग्राहकाला कितीचं पाणी कबूल करताय ते करारात नीट बघा. सवयीने २० लिहिलंत की पंधरा वर्षं कॉम्प्रेसर चालवत बसाल. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४ पासून नव्या केंद्रांसाठी थंडाव्यासाठी पाणी न उडवणारा आराखडा स्वीकारला, तो याच वाटेने. त्यांचं सरासरी डब्ल्यूयूई, म्हणजे सर्व्हरच्या युनिटमागे लागलेलं पाणी, त्यांनी २०२४ साठी ०.३० लिटर सांगितलंय. तुमचं २.७ आहे. पण या तुलनेने खजील होऊ नका. त्यांच्या सरासरीत थंड देशांतली केंद्रं आहेत, जिथे वर्षातले बरेच महिने बाहेरची हवाच पुरते.

आता काकूंच्या मुद्द्यावर येतो, आणि इथे मला थोडा वेळ घेऊ द्या.

समजा सगळं नीट करून तुम्ही १ लाख ९० हजारांवर आलात. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरलं तर हे १,४०० माणसांचं रोजचं पिण्या-वापरायचं पाणी आहे. आधी ते १,९०० होतं. सुधारणा खरी, पण पिण्यायोग्य पाणी हवेत उडवणं चालूच. आणि तेही मे महिन्यात, धरण तळाला गेलं असताना. उसाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. ऊस आपल्या जागी, पण काकूंच्या आणि तुमच्या भूखंडाच्या पाण्याची गाठ एका पट्ट्यात पडते.

टॉवरला पिण्याचं पाणी लागतच नाही. त्याला लागतं फक्त नळ्या न बिघडवणारं पाणी. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीला प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेचे तृतीय स्तराचे प्रक्रिया प्रकल्प उभारले, सांडपाणी शुद्ध करून एमआयडीसीतल्या उद्योगांना देण्यासाठीच. तुमची गरज त्यातल्या एकाच्या जेमतेम एक टक्का आहे. तुमच्या भूखंडाजवळ वाहिनी पोचली आहे का, जोडणी कशी मिळते, हा अर्ज आजच टाका. दोन्ही विक्रेत्यांच्या भेटीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं. असं होत नाही म्हणणाऱ्यांना नागपूर दाखवा. भांडेवाडीच्या प्रकल्पातलं शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राच्या कामी येतं. गुगलचं जॉर्जिया राज्यातल्या डग्लस काउंटीचं केंद्रही असंच पाणी वापरतं.

पण आंधळेपणाने जोडू नका, हे पाणी वेगळ्या स्वभावाचं असतं. त्यात अमोनिया असेल तर तो तांब्याच्या नळ्या खातो आणि तुमचं क्लोरीनही गिळतो. फॉस्फेट असेल तर कॅल्शियमशी जुळून कडक थर धरतो. सेंद्रिय द्रव्य उरलं असेल तर फिलवर शेवाळासारखी बुळबुळीत साय चढते, आणि तुषारांतून लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू पसरण्याचा धोका, म्हणून जंतुनाशकाची शिस्त दुप्पट कडक हवी. क्लोराइड जास्त असेल तर स्टीलच्या प्लेट एक्सचेंजरला भोकं पडतात. वर्षभराचे चाचणी अहवाल मागा, त्यातही पावसाळ्यातले नक्की बघा, कारण तेव्हा सांडपाण्यात पावसाचं पाणी शिरून सगळं गणित हलतं. सुरुवातीला चौथाई पाणी मिसळा, तीन महिने अप्रोच आणि गंज मोजणारे कूपन बघा, मग निम्मं, मग पूर्ण. आणि साठवण टाकीत आणीबाणीसाठी गोडं पाणी कायम ठेवा. प्रक्रिया प्रकल्प बंद पडला म्हणून बँकेचे सर्व्हर बंद पडले हे कुणी ऐकून घेणार नाही.

आता गंमत बघा. या पाण्यावर तुमचा सीओसी ६ वरून कदाचित ४ वर येईल. मेकअप १ लाख ९० हजारांवरून २ लाख १० हजारांवर जाईल. तुमचं डब्ल्यूयूई बिघडेल! साहेबांच्या तक्त्यात लाल खूण येईल. आणि त्याच दिवशी काकूंच्या पट्ट्यातलं पिण्याचं पाणी तुम्ही घेणं जवळजवळ थांबवलेलं असेल. म्हणून मीटिंगमध्ये आधीच दोन वेगळे रकाने करून घ्या, गोडं पाणी आणि पुनर्वापराचं पाणी. एकाच रकान्यात मोजलंत तर सगळ्यात चांगलं काम केल्याबद्दल बोलणी खाल. माझ्या एका जुन्या साइटवर नेमकं हेच झालं, आणि वर्षभराने कुणीतरी आकडा सुधारायला पुन्हा नळाचं पाणी सुरू केलं.

पावसाचं पाणी? चार हजार चौरस मीटरची गच्ची आणि आपल्याकडचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस धरून, वाया जाणारं वजा करता ८० लाख लिटर. ऐकायला खूप, पण तुमच्या आजच्या वापराचे ते ३१ दिवस, आणि येतात चार महिन्यांत. साठवायला जागा कुठे आहे? त्यापेक्षा पडेल तसं थेट मेकअपमध्ये घ्या. जनरेटरच्या धुराड्यांची काजळी असते, म्हणून पहिल्या सरी सोडून द्या. हे पाणी फार मऊ, सीओसी वाढवायला छान, पण गंजाकडे झुकणारं, तेव्हा केमिकलवाल्याला आधी सांगा. एसीच्या कॉइलचं पाणी पकडायला सांगणारेही भेटतील. ऑफिसच्या इमारतीत त्यात दम आहे, डेटा हॉलमध्ये माणसंच नसतात तर ओलावा कुठून येणार? ताज्या हवेच्या युनिटखाली एक पाइप टाका आणि विषय सोडा. कुणी खाडीचं पाणी म्हणालं तर फिनलंडमधल्या हामिनाला गुगल समुद्राचं पाणी वापरतं हे खरं. पण ठाणे खाडी रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथे गरम पाणी सोडायचा विचारही नको.

शेवटची गोष्ट, काकूंना काय सांगायचं. ऑरेगनमधल्या द डॅल्स नावाच्या छोट्या गावात गुगलचं केंद्र आहे. ते किती पाणी घेतं हे सांगायला नगरपालिकेने नकार दिला, एका वर्तमानपत्राशी कोर्टात भांडली, आणि २०२२ च्या अखेरीस आकडे बाहेर आले तेव्हा कळलं की २०२१ मध्ये गावाच्या एकूण पाण्याच्या चौथाईपेक्षा जास्त पाणी एकट्या केंद्राला गेलं होतं. त्या आकड्यापेक्षा लपवालपवीनेच लोक जास्त चिडले असं माझं मत. तुम्ही तुमच्या वरिष्ठांना विचारा, दरमहा किती गोडं पाणी आणि किती पुनर्वापराचं पाणी घेतलं हे गेटवर फळ्यावर लिहायला परवानगी द्याल का. नाही म्हणतील, मलाही दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी हो म्हणाले.

तोपर्यंत उद्या सकाळी एवढं करा. मेकअप मीटरचं वाचन आठ वाजता आणि रात्री तीन वाजता घ्यायला शिफ्टवाल्यांना सांगा, टॉवर आणि मेकअपच्या पाण्याच्या दोन बाटल्या क्लोराइडसाठी पाठवा, आणि ओव्हरफ्लोचा पाइप कुठे उतरतो ते स्वतः गच्चीवर जाऊन बघा. महिन्याचे आकडे जमले की इथे टाका, क्लोराइडसकट. मग विक्रेत्यांच्या कोटेशनकडे बघू.